हर्बल गोळीनं खरंच वजन उतरलं, तर जास्त काळजी करा

वजन कमी करणाऱ्या औषधांबद्दल गेल्या वर्षभरात जेवढं छापून आलं, तेवढं त्याआधीच्या दहा वर्षांत आलं नसेल. मार्च २०२५ मध्ये माउंजारो हे वजन उतरवणारं इंजेक्शन भारतात आलं, जूनमध्ये वेगोव्ही, म्हणजे सेमाग्लुटाइड या औषधाचं इंजेक्शन आलं. सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच असल्यामुळे स्वस्त देशी इंजेक्शनांची चर्चा सुरू झाली. डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत वजनासाठीच्या सेमाग्लुटाइडच्या गोळीलाही मंजुरी मिळाली.

या लाटेवर स्वार होऊन एक दुसराच माल खपतो आहे. 'नैसर्गिक ओझेम्पिक' (ओझेम्पिक हे सेमाग्लुटाइडच्याच इंजेक्शनचं एक नाव), 'हर्बल फॅट बर्नर', 'महिन्याला सात किलो, साइड इफेक्ट शून्य'. इंजेक्शनचा महिन्याचा खर्च ऐकून दचकलेल्या माणसाला हजार-दीड हजारांची डबी परवडते, आणि वर 'आयुर्वेदिक' लिहिलेलं असलं की मनाला धीरही येतो. मग प्रश्न येतो, "आयुर्वेदिकच आहे, घेऊन बघू का? फायदा नाही झाला तरी तोटा तर नाही ना?"

गोळीचा काहीच फायदा झाला नाही, तर बहुतेक वेळा तोटा फक्त पैशांचा असतो. पण तीन दिवसांत भूक मेली आणि महिन्यात पाच किलो उतरले, तर त्या डबीत लेबलवर न लिहिलेलं काहीतरी असण्याची शक्यता मोठी आहे. हे उलटं वाटेल. पटण्यासाठी थोडं मुळापासून समजून घ्यावं लागेल.

काट्यावर उतरतं ते नेमकं काय?

वजनकाट्याला चरबी, पाणी, स्नायू आणि पोटातलं अन्न यांतला फरक कळत नाही. आपलं शरीर यकृतात आणि स्नायूंत चारएकशे ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं, आणि त्यातला प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून असतो. दोन-तीन दिवस खाणं एकदम कमी केलं की हा साठा वापरला जातो आणि पाणी सुटतं. पहिल्या आठवड्यात जे दीड-दोन किलो झपाट्यानं जातात, ते मुख्यतः हे पाणी असतं. पोटभर जेवायला लागलं की ते परत येतं.

चरबीचं गणित वेगळं आहे. शरीरातल्या एका किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. आठवड्याला एक किलो चरबी घालवायची, तर रोज ११०० कॅलरींची तूट हवी. मध्यम चणीच्या, बैठं काम करणाऱ्या बाईचा दिवसाचा खर्च अठराशेच्या आसपास धरला, तर तिनं रोज जेमतेम सातशे कॅलरींवर राहायचं. 'महिन्याला सात किलो, खाण्याचं पथ्य नाही' या जाहिरातीचा खोटेपणा एवढ्या गुणाकारातच उघडा पडतो.

गोळीला करण्यासारखं फार काही नसतं. ती भूक मारू शकते, खाल्लेलं अंगी लागण्यापासून रोखू शकते किंवा शरीराचा इंधनखर्च वाढवू शकते. यातलं काहीच जमलं नाही, तर पोट साफ करून नाहीतर लघवी वाढवून पाणी घालवते. बऱ्याच 'डिटॉक्स' गोळ्यांमध्ये सोनामुखी असते ती याचसाठी. पोट हलकं वाटतं, काटा किलोभर खाली येतो, पण चरबी जागच्या जागी राहते. सोनामुखी महिनोन्‌महिने चालू ठेवली, तर पोटॅशियम घसरतं आणि पोट साफ होण्यासाठी गोळीच लागायला लागते.

'फॅट बर्नर' म्हणजे काय जळतं?

खरोखर चरबी जाळणारं रसायन माणसाला नव्वद वर्षांपूर्वीच सापडलं होतं. त्याचं नाव डायनायट्रोफिनॉल, थोडक्यात डीएनपी. हे स्फोटकांच्या कारखान्यात वापरलं जाणारं रसायन. १९३३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ते वजनासाठी पुढे आणलं आणि लोकांनी ते भरभरून घेतलं. गाडी न्यूट्रलला ठेवून ॲक्सिलरेटर दाबत राहिलं की पेट्रोल जळतं, इंजिन तापतं आणि गाडी तसूभर पुढे जात नाही. डीएनपी पेशींच्या बाबतीत नेमकं हेच करतं. अन्नातली ऊर्जा शरीराच्या कामी न येता उष्णता होऊन बाहेर पडते. वजन उतरतं, पण तापही चढतो, आणि हा ताप पॅरासिटामॉलनं उतरत नाही. माणसं आतल्या आत भाजून मेली, तरुण बायकांना मोतीबिंदू झाले. १९३८ मध्ये अमेरिकेनं ते माणसांसाठी अयोग्य ठरवलं. इंटरनेटवर ते चोरून विकलं जातंच. इतकं, की ब्रिटनला २०२३ मध्ये कायद्यानं ते विषांच्या यादीत घालावं लागलं.

आपल्याकडच्या डबीत डीएनपी असतं असं मला म्हणायचं नाही. सांगायचं ते एवढंच, की शरीराची भट्टी जाणवेल इतकी वाढवणारी गोष्ट निरुपद्रवी असू शकत नाही. आणि जी निरुपद्रवी असते, उदाहरणार्थ चहा-कॉफीतलं कॅफिन, तिचा परिणाम फार तर बिस्किटाएवढा असतो.

डबी उलटी करून वाचू

अशा एखाद्या डबीची मागची बाजू बघा. साठ कॅप्सूल, पाचशे मिलिग्रॅमची एक. घटकांमध्ये गार्सिनिया, ग्रीन कॉफी, ग्रीन टी, गुग्गुळ, मिरीतलं पिपेरिन. बऱ्याचदा प्रत्येकाचं प्रमाण दिलेलंच नसतं. 'प्रोप्रायटरी ब्लेंड' म्हणजे कंपनीचं खास मिश्रण, असं म्हणून सगळ्यांची एकच बेरीज छापलेली असते. कोपऱ्यात बारीक टायपात 'योग्य आहार व व्यायामासोबत' आणि आणखी खाली इंग्रजीत 'नॉट फॉर मेडिसिनल यूज', म्हणजे औषध म्हणून वापरण्यासाठी नाही. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत जे वचन आहे, ते मागच्या बाजूला कंपनीनं स्वतःच मागे घेतलेलं असतं.

गार्सिनिया आपल्याला परकं नाही. आपलं कोकम याच कुळातलं. गोळ्यांत वापरतात ते केरळमध्ये माशाच्या कालवणात घालतात ते, कुडमपुळीचं फळ. दोन्हींच्या सालीत हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असतं, आणि शरीरात साखरेची चरबी बनवणाऱ्या एका एन्झाइमला ते अडवतं. उंदरांमध्ये हे दिसलं. माणसांमध्ये बघायला १९९८ मध्ये अमेरिकेत १३५ जणांवर बारा आठवडे चाचणी झाली. निम्म्यांना रोज १५०० मिलिग्रॅम हे आम्ल, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. दोन्ही गटांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. या गोष्टीला पाव शतक उलटून गेलं आणि गार्सिनिया विकलं जातंच आहे.

दारुहळदीतलं बर्बेरिन २०२३ पासून 'निसर्गाचं ओझेम्पिक' म्हणून गाजलं. त्यानं साखरेवर थोडा परिणाम होतो, वजनावर अगदी किरकोळ. पण ते यकृतातल्या औषधं पचवणाऱ्या यंत्रणेत ढवळाढवळ करतं, म्हणून आधीपासून दुसऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी ते मनानं घेऊ नये.

ग्रीन कॉफीची बंगळुरूची गोष्ट

'क्लिनिकली प्रूव्हन', म्हणजे चाचणीत सिद्ध झालेलं, हे शब्द डबीवर कसे येतात याचं माझ्या माहितीतलं सर्वांत स्पष्ट उदाहरण आपल्याच देशातलं आहे.

२०१२ मध्ये एक शोधनिबंध छापून आला. न भाजलेल्या कॉफीच्या बियांचा अर्क घेऊन माणसांचं वजन २२ आठवड्यांत सरासरी आठ किलो उतरलं, म्हणजे अंगाच्या साडेदहा टक्के. प्रत्यक्ष चाचणी बंगळुरूमध्ये झाली होती आणि तीत माणसं होती सोळा. सोळाच. त्यानंतर डॉ. मेहमत ओझ यांच्या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमात ग्रीन कॉफीची वाहवा झाली आणि तिचा खप गगनाला भिडला.

जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं खोदकाम केलं, तेव्हा चाचणीचे आकडे वारंवार बदलल्याचं बाहेर आलं. कोणाला खरा अर्क दिला आणि कोणाला खोटी गोळी, याचीही सरमिसळ होती. चाचणीला पैसे पुरवणाऱ्या कंपनीनं २०१४ मध्ये ३५ लाख डॉलर भरून तडजोड केली आणि त्याच वर्षी निबंध मागे घेतला गेला. जूनमध्ये डॉ. ओझ यांना अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे याच विषयावर प्रश्नांना तोंड द्यावं लागलं.

मला यात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते, की निबंध रद्द झाला तरी वाक्य रद्द झालं नाही. 'ग्रीन कॉफीनं चरबी घटते हे संशोधनानं सिद्ध झालंय' हे आजही मराठी व्हिडिओंत ऐकू येतं. सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांना बंगळुरूची ती सोळा माणसं ठाऊकही नसतील.

डबीवर नसलेलं नाव

वर सांगितलेल्या घटकांनी वजन फारसं उतरत नाही. तरी काही डब्यांनी ते झपाट्यानं उतरतं. ते कसं?

अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं, २००७ ते २०१६ या काळात ७७६ भेसळयुक्त पूरकं (सप्लिमेंट) पकडली. त्यातली ३१७ वजन कमी करण्याची होती, आणि त्यांपैकी सुमारे ८५ टक्क्यांमध्ये एकच औषध सापडलं: सिब्युट्रामिन. लेबलवर त्याचं नाव नव्हतं.

सिब्युट्रामिन हे एकेकाळचं रीतसर औषध. मेंदूतल्या काही संदेशवाहक रसायनांचं प्रमाण वाढवून ते भूक मारतं. पण तीच रसायनं नाडी आणि रक्तदाबही वाढवतात. हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या सुमारे दहा हजार लोकांवर वर्षानुवर्षं चाचणी झाली, तेव्हा हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांसारख्या घटनांचा धोका १६ टक्क्यांनी वाढलेला दिसला. २०१० मध्ये युरोप आणि अमेरिकेतून ते हटलं, फेब्रुवारी २०११ मध्ये भारतानं त्यावर बंदी घातली.

याची मात्रा असायची दिवसाला दहा-पंधरा मिलिग्रॅम. पाचशे मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये दहा मिलिग्रॅम म्हणजे पन्नासावा भाग. उरलेल्या एकोणपन्नास भागांत त्रिफळा असो की ग्रीन टी, रंग, वास, चव काहीच बदलत नाही. फक्त प्रयोगशाळेतल्या यंत्रालाच ते कळतं.

आता पन्नाशीतल्या एका बाईंचा विचार करा. रक्तदाबाची गोळी चालू आहे, कुणाच्या सांगण्यावरून ही हर्बल कॅप्सूलही चालू आहे. दाब वाढतो. डॉक्टर विचारतात, "दुसरं काही घेता का?" बाई म्हणतात, "नाही", कारण त्यांच्या लेखी ते औषध नाहीच. डॉक्टर दाबाच्या गोळीचा डोस वाढवतात. रात्री झोप येत नाही, तोंडाला कोरड पडते, छाती धडधडते, आणि हे सगळं पाळी जाण्याच्या वयावर ढकललं जातं. नैराश्याची गोळी चालू असेल तर मामला आणखी बिकट, कारण ती गोळी आणि लपवलेलं सिब्युट्रामिन, दोन्ही मेंदूतलं सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन वाढवतात आणि ते धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. औषध ठाऊक असतं, तर हे सगळं टाळता आलं असतं. लपवून घातलेल्या औषधापासून डॉक्टरही वाचवू शकत नाहीत.

सिब्युट्रामिनशिवाय फिनॉल्फ्थॅलीन नावाचं जुलाबाचं बाद झालेलं औषध, लघवी वाढवणारी औषधं, थायरॉइडचं हार्मोन, हेही अशा गोळ्यांत सापडलेलं आहे.

"पण वनस्पतीच आहे ना?"

भेसळ नसली तरी हा धीर पूर्ण खरा नाही. कपभर ग्रीन टी वेगळा आणि त्याचा दाट अर्क वेगळा. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये सांगितलं, की अर्कातलं ईजीसीजी हे द्रव्य पूरकांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं, तर यकृताला सूज आल्याच्या खुणा दिसू लागतात. अमेरिकेत हायड्रॉक्सीकट नावाची वनस्पतींची गोळी २००९ मध्ये बाजारातून परत घ्यावी लागली. यकृताच्या गंभीर आजाराच्या २३ तक्रारी होत्या, एक मृत्यू होता. ग्रीन टीचा अर्क आणि गार्सिनिया यांनी यकृत बिघडलेल्या अनेकांमध्ये एक विशिष्ट जनुकीय खूण सापडली आहे. म्हणजे तीच गोळी जावेला बाधत नाही आणि तुम्हाला बाधते. ही खूण आपल्यात आहे की नाही, हे कुणी आधी तपासत नाही.

यात आयुर्वेदाचा अपमान नाही. नाडी बघून, वय, पचन, बाकीचे आजार विचारून औषध देणारा वैद्य आणि फोनवरून तीन महिन्यांचा पॅक गळ्यात मारणारा 'काउन्सिलर' यांना एकाच पंगतीत बसवण्यात मात्र वैद्याचाच अपमान आहे.

"सरकारी नंबर छापलाय की!"

डबीवरचा एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी प्राधिकरणाचा, चौदा आकडी नंबर म्हणजे उत्पादकाकडे खाद्यपदार्थ बनवण्याचा परवाना आहे. तो शेव-फरसाणाच्या पाकिटावरही असतो. त्या गोळीनं वजन उतरतं याची सरकारनं खात्री केली, असा त्याचा अर्थ नाही. ॲलोपॅथीच्या नव्या औषधाला विक्रीआधी परिणाम आणि सुरक्षितता दाखवून द्यावी लागते. पूरकाला तसं वजन उतरवून दाखवावं लागत नाही, आणि गडबड झाली तर बहुधा ती विक्रीनंतरच उघड होते.

कायदा नाही असंही नाही. औषधे आणि जादुटोण्याचे उपाय यांच्या जाहिरातींबाबतचा कायदा १९५४ चा आहे. ज्या आजारांवर औषधाची जाहिरात करायचीच नाही, अशा ५४ आजारांच्या यादीत लठ्ठपणा आहे. म्हणूनच जाहिरात 'लठ्ठपणा बरा होतो' असं म्हणत नाही. 'मेटाबॉलिझमला साथ', 'फॅट मॅनेजमेंट', 'शेप' असे शब्द येतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीसाठी कंपनीला आणि जाहिरातीत झळकणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही दहा लाखांपर्यंत दंड आहे. पण रोज नव्या नावानं उगवणाऱ्या इन्स्टाग्राम पानांमागे किती अधिकारी धावणार?

"माझ्या नणंदेचं आठ किलो उतरलं"

उतरलं असेल. ती खोटं बोलत नाही. पण गोळी सुरू करताना तिला रात्रीचा भात बंद, साखर बंद, अर्धा तास चालणं, गरम पाणी असा तक्ता दिलेला असतो. पैसे भरलेले असतात, म्हणून तो पाळलाही जातो. वजन तक्त्यानं उतरतं आणि श्रेय गोळी घेते. आणि जिचं उतरलं नाही, ती ग्रुपवर लिहीत नाही. लिहिलं तर "तुम्ही पथ्य नीट पाळलं नाही" हे उत्तर तयार असतं. आधी-नंतरच्या फोटोंत उजेड, कपडे, उभं राहण्याची ढब आणि आत ओढलेलं पोट बदललेलं असतं. काही फोटो तर परदेशी संकेतस्थळांवरून उचललेले असतात.

या सगळ्याला बळी पडणाऱ्यांना मी भोळं म्हणणार नाही. बाळंतपणानंतर वाढलेल्या अंगावरून घरीदारी बोलणी खाणाऱ्या मुलीला, स्थळ बघताना 'थोडी बारीक हो' हे ऐकणाऱ्या मुलीला कुणीतरी "तुझं काही चुकलं नाही, ही घे" म्हणतं. त्या वाक्याची किंमत ती हजार रुपये मोजते. ते तिला घरातून फुकट मिळायला हवं होतं.

मग डॉक्टर देतात ती औषधं तरी काय वेगळी?

त्यांनाही दुष्परिणाम आहेत. फरक हा, की ते माहीत आहेत, लिहिलेले आहेत आणि त्यावर कुणाची तरी नजर आहे. ऑर्लिस्टॅट हे वजनाचं औषध खाल्लेल्या तेलातुपापैकी सुमारे तीस टक्के अंगी लागू देत नाही. वर्षभरात त्यानं साधारण तीन किलो जास्त उतरतात. त्याबदल्यात शौचाला तेलकट होतं, कधी कपड्यांना डाग पडतात आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं कमी पडू शकतात.

सेमाग्लुटाइड हे जेवल्यावर आतड्यातून सुटणाऱ्या जीएलपी-वन या हार्मोनची नक्कल करतं. पोट सावकाश रिकामं होतं, मेंदूला भरल्याची जाणीव होते. मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी उतरलं, खोटं इंजेक्शन घेतलेल्यांचं २.४ टक्क्यांनी. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ होतात, स्नायूही झिजतात. औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्याच्या दोन तृतीयांश वजन परत आलं. म्हणून हे औषध लग्नाच्या आधी दोन महिने घ्यायचं नाही आणि चिठ्ठीशिवाय तर नाहीच. त्याच्याही नकला निघाल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं जून २०२४ मध्ये बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जगभर इशारा दिला होता, म्हणून ते औषधांच्या दुकानातूनच, पावतीसकट घ्यावं.

आधीच घेत असाल तर

छातीत धडधड, डोकेदुखी, झोप उडणं, दाब वाढणं यांतलं काही असेल, किंवा डोळे पिवळे, लघवी गडद, भूक पूर्ण गेलेली आणि उजव्या बरगडीखाली दुखत असेल, तर गोळी आजच बंद करा आणि डॉक्टरांकडे जा. काविळीसाठी आणखी एखादं झाडपाल्याचं औषध त्यावर घेऊ नका. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी गोळीबद्दल स्वतःहून सांगा.

डबी फेकू नका. उरलेल्या कॅप्सूल, बॅच नंबर, पावती, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, सगळं ठेवा, कारण त्याशिवाय तपासणी होत नाही. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे आणि तिथे डॉक्टरच नव्हे, रुग्णही कळवू शकतो. फसव्या जाहिरातीची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर करता येते. भेसळीचा संशय असेल तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात ती डबी घेऊन जा.